हॉलंड आटला, ट्वेन्ते वाढला: डच प्रजासत्ताकाची लोकसंख्या प्रांतवार कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डच प्रजासत्ताकाची, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या पूर्वरूपाची, लोकसंख्या १६५० च्या सुमारास १९ लाखांच्या आसपास होती आणि १७९५ मध्ये २०.८ लाख भरली. दीडशे वर्षांत जेमतेम दहा टक्के वाढ. मग या काळात देश लोकसंख्येच्या बाबतीत जागच्या जागी थांबला होता, असे म्हणावे का? आणि प्रांतांचे जे आकडे पुस्तकांत दिले जातात ते कोणत्या कागदांवरून काढलेले असतात? ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही. देशाची बेरीज थांबल्यासारखी दिसते, कारण तिच्या पोटात दोन उलट्या हालचाली एकमेकींना खोडत होत्या. हॉलंड प्रांतात १५१४ मध्ये सुमारे २,७५,००० लोक होते. १६२२ मध्ये ते ६,७२,००० झाले आणि १६८० च्या सुमारास ८,८३,००० पर्यंत गेले. तिथून उतार लागला. १७५० पर्यंत एक लाख माणसे कमी झाली आणि १७९५ लाही आकडा ७,८३,००० च्या घरातच राहिला. नेमक्या याच काळात पूर्वेकडचा ओव्हरआइसेल प्रांत (ट्वेन्ते हा त्याचाच पूर्व भाग) १६७५ च्या सुमारे ७१,००० वरून १७४८ मध्ये १,२२,००० वर आणि १७९५ मध्ये १,३४,००० वर गेला. गेल्डरलँडमधल्या व्हेलुवे या रेताड पट्ट्यात १६५० ला ४१,००० च्या आसपास वस्ती होती, १७४९ ला ५४,००० आणि १७९५ ला ६६,०००. जगभरचा व्यापार करणारा श्रीमंत किनारा आटत होता आणि राय आणि बकव्हीट ही धान्ये पिकवणारा गरीब मुलूख भरत होता. हा काळ समजून घ्यायचा तर आधी देशाची बेरीज बाजूला ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे.

१७९५ च्या आधी या देशात एकसंध जनगणना झालीच नाही. सात प्रांत, प्रत्येकाची तिजोरी वेगळी, करपद्धत वेगळी. म्हणून आपल्या हाती येतात ते कराचे कागद. आपल्याकडचा ‘खानेसुमारी’ हा जुना शब्द इथे चपखल बसतो, कारण बहुतेक वेळा मोजली गेली ती घरे, माणसे नव्हेत. प्रत्येक कागद हातात घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: मोजलेले एकक कोणते? घर, चूल, उंबरा, करदाता, चर्चमध्ये प्रसाद घेणारा प्रौढ, की प्रत्येक डोके?

हॉलंडपासून सुरुवात करू. १४९४ आणि १५१४ मध्ये कराची वाटणी नव्याने करण्यासाठी अधिकारी गावोगाव फिरले. गावच्या कारभाऱ्यांना शपथेवर विचारले गेले की चुली किती, लोक कशावर जगतात, जमीन किती, गावावर कर्ज किती. १५१४ ला प्रसाद घेणाऱ्यांची संख्याही पाद्रीकडून घेतली. ही दुसरी संख्या फार मोलाची आहे, कारण ती कर भरणाऱ्याकडून आलेली नाही. त्यात लहान मुले येत नाहीत, म्हणून तिची साधारण दीडपट करतात आणि चुलींवरून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. दोन्ही आकडे जवळ आले तर गाव विश्वासाचे. चुलींचा आकडा फारच खाली राहिला, तर कारभाऱ्यांनी हात राखून सांगितले असे धरायचे. आपली पट्टी कमी व्हावी ही प्रत्येक गावाची इच्छा होती, त्यामुळे गरिबीचे वर्णन नेहमी दोन माप जास्तच सापडते. शिवाय १४९४ ची मोजणी यादवी आणि १४९१-९२ चा शेतकऱ्यांचा उठाव यांच्या लगेच नंतरची आहे. तिला ‘मूळ पातळी’ धरून पुढची वाढ काढली, तर ती वाढ फुगून दिसते.

१६२२ चा कागद सर्वांत चांगला. ती खरीखुरी डोईपट्टी होती, माणशी १ गिल्डर (तिथले नाणे). घरातला नवरा, बायको, मुले, नोकर, भाडेकरू असे सगळे मोजले गेले आणि पैसे न भरू शकणाऱ्यांचीही नोंद झाली. नावानिशी याद्या काही गावांच्याच उरल्या आहेत, पण गावनिहाय बेरजा मिळतात. हॉलंडच्या सगळ्या मालिकेचा खुंटा हाच. त्यापुढे मात्र पाऊल जपून टाकावे लागते. १६३२ आणि १७३२ च्या घरपट्टीत घरे आहेत, माणसे नाहीत. १७४२ च्या प्राप्तिकराच्या यादीत वर्षाला ६०० गिल्डर किंवा जास्त मिळकत असणारेच आहेत. ती यादी श्रीमंतांच्या अभ्यासाला उत्तम आहे, पण तिच्यावरून शहराची लोकसंख्या काढू नका. मजूर, खलाशी, विधवा यांपैकी बहुतेक जण तिच्यात नाहीतच.

पूर्वेकडे चुलींचे कागद जास्त आहेत आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. ओव्हरआइसेलच्या १६७५ च्या नोंदवहीत एकेका नावापुढे त्या घरात किती चुली आहेत ते लिहिले आहे. समजा एका गावात ६० नावे आहेत, त्यांच्यापुढच्या चुलींची बेरीज ८४ आहे आणि शेवटी १२ दरिद्री घरे वेगळी लिहिली आहेत. घाईत वाचणारा ८४ ला ४.६ ने गुणतो आणि ३८६ माणसे काढतो. दुसरा ६० ला गुणून २७६ वर येतो. बरोबर पद्धत अशी: नावे ६० अधिक दरिद्री १२, म्हणजे ७२ उंबरे, गुणिले ४.६, म्हणजे ३३१ च्या आसपास. एकाच पानावरून तीन उत्तरे निघतात, आणि सर्वांत मोठे सर्वांत लहानापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त. जमीनदाराच्या वाड्यात आठ चुली असतील, भट्टी वेगळी मोजली असेल, तरी त्यामुळे माणसे वाढत नाहीत.

त्यात या भागाची खास अडचण आहे. ट्वेन्तेत शेत मुलाच्या हाती सोपवल्यावर म्हातारे आईबाप त्याच आवारातल्या एका लहान घरात राहायला जात. शेताच्या कडेला कुळांची खोपटी असत. ही धाकटी चूल कधी वेगळी लिहिली जाते, कधी थोरल्या घरात धरली जाते. दोन वर्षांच्या याद्यांत हा नियम बदलला असेल, तर एकही माणूस न वाढता उंबरे वाढलेले दिसतात. म्हणून शेतांची नावे लावून दोन याद्या घर-घर जुळवाव्यात. पूर्वेत शेताचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि राहणारा माणूसच शेताच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे हे काम कष्टाचे असले तरी होते.

ओव्हरआइसेलच्या उत्तरेकडच्या ड्रेन्ते प्रदेशाची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या चूलपट्टीचा दर शेतकऱ्याकडच्या घोड्यांवर ठरे: चार घोडे असतील तर ४ गिल्डर, तीन असतील तर ३, आणि अल्पभूधारकाला १ गिल्डर. म्हणजे गिल्डरांची बेरीज करून लोकसंख्या काढता येत नाही, पण गावात थोरले किती आणि धाकटे किती हे सुंदर कळते. एक-गिल्डरवाले दशकागणिक वाढत गेलेले दिसले की समजावे, गाव वाढते आहे पण जमीन वाढत नाही.

आता गुणक. एका चुलीमागे माणसे किती धरायची? हॉलंडच्या उत्तर भागात, म्हणजे आय खाडीच्या पलीकडच्या नूर्डरक्वार्टीरमध्ये, कुटुंब सरासरी पावणेचार माणसांचे होते. नवरा-बायको आणि एक-दोन मुले. मोठे झालेले पोर जहाजावर किंवा शहरात गेलेले, आजी-आजोबा वेगळे. पूर्वेत तो आकडा साडेचारच्या पुढे जातो, कारण घरात गडी-मोलकरीण असतात आणि ट्वेन्तेत तीन पिढ्याही एका छपराखाली सापडतात. सगळ्या देशाला एकच ४.५ लावला तर किनारा फुगतो आणि पूर्व आकसते. प्रांतांतला जो फरक आपल्याला मोजायचा आहे, त्यातलाच काही भाग आपण गुणकाने पुसून टाकतो. वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठातल्या इतिहासकारांनी १९५० ते १९७० च्या दशकांत एकेका प्रदेशाचा वेगळा अभ्यास करण्याची जी पद्धत पाडली, तिचे खरे मोल इथे आहे.

पूर्वेचा गुणक मिळवायला १७४८ ची ओव्हरआइसेलची मोजणी वापरा. ती घर-घर फिरून केलेली आहे. एका ओळीत कर्ता पुरुष आणि त्याची बायको, मग दहा वर्षांवरची मुले, दहाच्या आतली मुले, मग घरात राहणारे नातेवाईक, मग गडी आणि मोलकरणी. अशा दोन-तीनशे ओळी वाचल्या की कुटुंबाचा आकारच नव्हे तर घडणही दिसते. ट्वेन्तेच्या मोठ्या शेतावर आठ-दहा माणसे, शेजारच्या खोपटात विणकर, बायको आणि दोन पोरे. सरासरी या दोघांची आहे, हे विसरू नये. खोपटी वाढत गेली की सरासरी खाली येते, म्हणून १७४८ चा गुणक मागे १६७५ ला लावताना तो किंचित वर धरणे योग्य.

१६७५ बद्दल आणखी एक सावधगिरी. १६७२ मध्ये म्युन्स्टरच्या बिशपने, बेर्नहार्ड फॉन गालेनने, ओव्हरआइसेल व्यापला आणि १६७४ पर्यंत तिथे शत्रूचे सैन्य होते. त्याआधी १६६५-६६ मध्येही त्याची स्वारी झालीच होती. १६७५ च्या वहीत पडकी आणि रिकामी घरे त्यामुळेच आहेत. म्हणजे ७१,००० ही युद्धाने खाली ढकललेली पातळी आहे, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांतल्या वाढीचा काही भाग हा पळालेले लोक परतून घरे पुन्हा वसण्याचा आहे. तरीही वाढ खोटी ठरत नाही. डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोले ही जुनी शहरे त्या मानाने कमी वाढली, आणि ट्वेन्तेचा ग्रामीण मुलूख मात्र दुपटीहून बराच पुढे गेला. नुसती युद्धाची भरपाई इतकी मोठी नसते.

चर्चच्या नोंदवह्यांनी आकडे ताडून पाहायचे असतील तर दर हजारी सुमारे ३५ जन्म धरून दहा वर्षांची सरासरी घ्यावी. एका वर्षाचे बाप्तिस्मे कधीच वापरू नयेत. पण आधी गावात कोणत्या पंथाचे लोक आहेत ते पाहा. मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक मोठेपणी बाप्तिस्मा घेतात, त्यांची तान्ही मुले कोणत्याच वहीत नसतात, आणि उत्तरेकडचा फ्रीसलँड प्रांत, नूर्डरक्वार्टीर, ट्वेन्ते या तिन्ही भागांत ते लक्षणीय होते. कॅथलिकांची प्रार्थना छुप्या घरांत चाले आणि त्यांच्या वह्या अनेक ठिकाणी उशिरा सुरू होतात. सुधारित, म्हणजे सरकारमान्य कॅल्विनपंथी, चर्चच्या एकट्या वहीवर विसंबलात तर मेनोनाइट गाव ‘अपत्यहीन’ दिसेल. हॉलंडमध्ये १६९५ पासून लग्न आणि दफन यांवर कर होता. ऐपतीप्रमाणे ३०, १५, ६ किंवा ३ गिल्डर, आणि गरिबांना माफ. पंथ कोणताही असो, नोंद होत असे, म्हणून १६९५ नंतरच्या मृत्यूंसाठी ती वही चर्चच्या वहीपेक्षा भरवशाची. वर गावातला प्रत्येक जण कोणत्या ऐपतीचा धरला गेला हेही कळते.

१७९५ ची मोजणी वेगळ्या हेतूने झाली. बटाव्हियन क्रांतीनंतर, म्हणजे १७९५ मध्ये जुने प्रजासत्ताक उलथल्यावर, राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीसाठी ५०० माणसांमागे मतदारांची एक प्राथमिक सभा आणि १५,००० माणसांमागे एक प्रतिनिधी असे ठरले, त्यासाठी डोकी मोजली गेली. कराच्या मोजणीत लपायची ओढ असते, प्रतिनिधित्वाच्या मोजणीत दिसायची. त्यामुळे १७४०-५० च्या आकड्यांवरून १७९५ वर उडी मारताना थोडी वाढ कागदामुळेही आलेली असते.

इतके गाळून झाल्यावरही किनारा आणि पूर्व यांतली उलटी चाल शिल्लक राहते. तिची कारणे मातीपासून सुरू होतात.

हॉलंडचा मोठा भाग पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या स्पंजासारख्या थराचा. मध्ययुगात चर खणून पाणी काढले तशी ती जमीन आकसून खचली आणि १५ व्या शतकापर्यंत तिथे भाकरीचे धान्य पिकवणे अवघड झाले. गवत आणि गाय एवढेच उरले. गाईंना माणसे कमी लागतात. म्हणून उरलेले लोक मासेमारी, जहाजे, सूतकताई, पीट खणून सरपण म्हणून विकणे यांकडे वळले आणि धान्य बाल्टिक समुद्राकडून येऊ लागले. पोट आयातीवर चालू लागल्यावर वस्तीला शेतजमिनीची मर्यादा उरली नाही. १५१४ मध्येच हॉलंडची निम्म्याच्या जवळपास वस्ती शहरांत होती, ही त्या काळच्या युरोपात विलक्षण गोष्ट आहे. पण या मांडणीत व्यापार खाली गेला की माणसे धरून ठेवायला जमीन नसते. १६७० नंतर नेमके तेच झाले.

घट सगळीकडे सारखी नव्हती. आम्स्टरडॅम १६२२ मध्ये १,०५,००० होते आणि १७९५ ला २,१७,००० च्या आसपास होते. याच काळात रॉटरडॅम सुमारे २०,००० वरून ५३,००० वर गेले, हेगही वाढले. पडली ती कापडाची शहरे आणि उत्तरेची बंदरे. लायडन १६७० च्या सुमारास ६५,००० च्या पुढे होते, ते १७९५ ला ३१,००० उरले. हेरिंग माशांचे बंदर एंकहाउझेन १६२२ मध्ये २१,००० चे होते, ते ६,८०० वर आले. तिथे रिकामी घरे पाडून विटा विकल्या गेल्या, कारण उभ्या घरावर कर चालू राहतो. सबंध नूर्डरक्वार्टीर १६५० च्या सुमाराला दोन लाखांच्या आसपास होता, तो शतकभरात सव्वा लाखाच्या घरात आला. धान्य आणि दुधाचे भाव पडलेले, १७१३ नंतर आणि पुन्हा १७४४ नंतर गुरांची बुळकांडी, आणि १७३० पासून बंधाऱ्यांचे लाकडी खुंट पोखरणारा जहाजकिडा. बंधारे दगडाने बांधावे लागले, त्याचा खर्च जमिनीवर बसला. या पडझडीतही झान नदीकाठचा पट्टा लाकूड, तेल आणि कागदाच्या शेकडो पवनचक्क्यांवर बराच काळ तगला. ‘नूर्डरक्वार्टीर घटला’ हेही अपुरे विधान आहे, ते यामुळे.

मृत्यूही इथे जास्त होते. प्लेगने १६६४ मध्ये एकट्या आम्स्टरडॅममध्ये २४,००० हून अधिक माणसे नेली. प्लेग गेल्यावरही किनाऱ्यावर हिवताप राहिला, कारण तिथला डास मचूळ पाण्यात वाढतो. त्या हवेचा मासला थोड्या नंतरच्या काळात दिसतो. १८०९ मध्ये झेलँडच्या वाल्हेरेन बेटावर उतरलेल्या सुमारे ४०,००० इंग्रज सैन्यातले ४,००० जण तापाने मेले, लढाईत १०६. अशी शहरे स्वतःच्या जन्मांवर तगत नाहीत, त्यांना बाहेरून माणसे लागतात. ती जर्मनीतून, नॉर्वेतून, पूर्वेच्या प्रांतांतून येत. आम्स्टरडॅमच्या विवाहनोंदींत वर-वधूचे जन्मगाव आणि वय लिहिलेले असते, त्यावरून हा ओघ मोजता येतो. त्याच नोंदींतून दिसते की १७ व्या शतकाच्या सुरुवातीला चोवीस-पंचवीस वर्षांच्या असलेल्या नववधू १८ व्या शतकात सत्तावीसच्या पुढे गेल्या. लग्न तीन वर्षे लांबले की मागे एक तरी मूल कमी.

आणि पुरुष समुद्रावर जात. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०२ ते १७९५ या काळात सुमारे पावणेदहा लाख माणसे आशियाकडे पाठवली. परतली ती तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. आपल्या वेंगुर्ल्याच्या वखारीत १७ व्या शतकात जे डच होते ते याच ओघातले. कंपनीने पाठवलेल्यांतले जवळपास निम्मे मुळात परदेशी, तरी हॉलंडच्या बंदरांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कायम जास्त राहिली, आणि ज्या घराचा कर्ता पुरुष बाहेर ते घर करयादीत ‘विधवा’ किंवा ‘दरिद्री’ म्हणून उतरण्याची शक्यता वाढली.

पूर्वेत मजुरीची नवी कामे शेताजवळच आली. ट्वेन्तेत जवसाच्या धाग्याचे कापड घरोघर विणले जाई आणि शुभ्र करण्यासाठी बरेचसे हार्लेमला जाई. हार्लेमची मजुरी महाग, ट्वेन्तेची स्वस्त, म्हणून विणकाम पूर्वेकडे सरकले. १७२८ पासून एन्शेडेला जवस-कापूस मिश्र कापड सुरू झाले. व्हेलुवेच्या कडेला नायकेर्क, आमर्सफोर्ट भागात तंबाखू आला, ज्याला मेंढ्यांचे खत आणि सबंध कुटुंबाचे हात लागतात. माळावरच्या झऱ्यांवर कागदाच्या पाणचक्क्या फिरू लागल्या. माग असेल तर दोन एकरांवरही लग्न करता येते. बापाचे शेत मिळेपर्यंत थांबायचे कारण उरत नाही. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा पसरला आणि तेवढ्याच तुकड्यात आणखी पोटे भागू लागली. गायरानाचे सामाईक हक्क सांभाळणारे थोरले शेतकरी नव्या खोपटांना विरोध करत, पण खोपट्यातल्याची मजुरी त्यांनाही हवी असे. १७४८ नंतर कापडाला उतार लागला तसा ट्वेन्तेच्या वाढीचा वेगही मंदावला. उरली ती दाट आणि गरीब वस्ती.

स्वतः तुलना करायला बसलात तर १६२२, १६७५-८०, १७४८-५० आणि १७९५ एवढेच चार टप्पे घ्या. मधली वर्षे कच्ची आहेत. सीमा आधी पक्क्या करा, कारण शहराच्या तटाबाहेरची वस्ती एका यादीत शहरात असते, दुसरीत शेजारच्या खेड्यात. कुटुंबाचा गुणक प्रदेशागणिक वेगळा लावा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक लिहा. फ्रीसलँडचे १७१४ चे १,२९,०००, १७४४ चे १,३५,००० आणि १७९५ चे १,५७,००० हे आकडे या चौकटीत हॉलंड आणि ओव्हरआइसेल यांच्या मध्ये नीट बसतात: घट नाही, उसळीही नाही. ड्रेन्ते १७९५ लाही ४०,००० च्या आतच आहे, म्हणजे चौरस किलोमीटरला पंधराएक माणसे. टक्केवारीत त्याची वाढ मोठी दिसते, म्हणून त्याच्यापुढे टक्क्यांऐवजी माणसांची संख्याच लिहा.